उजनीवर गळ टाकायला निघालात? आधी पाण्याची टक्केवारी बघा

पुण्याहून किंवा सोलापूरहून पहिल्यांदा उजनी धरणावर गळ घेऊन निघालेला माणूस हमखास विचारतो, "चांगली जागा सांगा ना एखादी." जागा सांगता येते, पण ती चार महिने टिकत नाही. ऑक्टोबरात जिथे बाभळीच्या बुंध्याला पाणी लागलेलं असतं, तिथे मे महिन्यात गाळपेरीची काकडी आणि मका उभा असतो. पाणी अर्धा-पाऊण किलोमीटर आत गेलेलं असतं. त्यामुळे उजनीवर आधी पाणी बघायचं, मग मासा ठरवायचा आणि जागा सगळ्यात शेवटी. बहुतेक नवखे हा क्रम उलटा लावतात आणि दिवसभर शेवाळ ओढून परत येतात.

हा लेख काठावरून, छंद म्हणून, गळाने मासे धरू पाहणाऱ्यांसाठी आहे. जाळ्याचा धंदा वेगळा आणि त्यातली माणसं आपल्यापेक्षा कितीतरी शहाणी.

पहिली पायरी: टक्केवारीचा अर्थ समजून घ्या

भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. माढा तालुक्यात, टेंभुर्णीजवळ भिंत आहे. जलाशयाचं कागदावरचं नाव यशवंतसागर, पण 'उजनी' म्हटल्याशिवाय कुणाला कळत नाही. फुगवटा इंदापूर, करमाळा, दौंड आणि वर पार नगरकडच्या कर्जतच्या हद्दीपर्यंत पसरतो.

पेपरात रोज 'उजनी ४२ टक्के', 'उजनी उणे २०' असं येतं. ही टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), आणि त्याच्या खाली मृतसाठा तब्बल ६३.६६ टीएमसी. म्हणजे 'शून्य टक्के' वाचून धरण कोरडं पडलं असं समजू नका. त्या दिवशीही निम्म्याहून जास्त पाणी तळात असतंच. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी आणि शेतीसाठी ते खाली सोडलं की आकडा उण्यात जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ५० च्याही खाली गेला होता. पावसाळ्यात उलट चित्र. पुण्याची धरणं भरून सांडायला लागली की सगळं पाणी दौंडवरून इथेच येतं, आणि उजनी १०० ओलांडून ११० टक्क्यांपर्यंत भरून ठेवतात.

गळवाल्याला यातून काय कळतं? मोठा मृतसाठा असल्यामुळे उन्हाळ्यात मासा मरत नाही, तो गोळा होतो. पसरलेलं पाणी आकसलं की तोच मासा कमी जागेत येतो. म्हणून मार्च ते मे हे उजनीचे खरे महिने. ऊन भाजून काढतं, ती गोष्ट वेगळी.

टक्केवारीइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाणी चढतंय की उतरतंय. रोज वीतभर उतरणाऱ्या पाण्यात मासा काठ सोडून थोडा आत सरकतो, अस्वस्थ असतो, खाण्याच्या वेळा बदलतो. पाणी आठवडाभर एका पातळीवर थांबलं की तो पुन्हा काठाला लागतो. कालव्याचं आवर्तन, म्हणजे शेतीला पाळीने सोडलेलं पाणी, बंद झाल्यावरचे तीन-चार दिवस मला सगळ्यात भरवशाचे वाटतात. पावसाळ्यात 'दौंडचा विसर्ग' हा आकडा बघा. तो अचानक वाढला की दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाला गढूळ लोंढा, जलपर्णीचे तराफे आणि झाडांच्या फांद्या. अशा वेळी घरी बसून रीलला तेल द्यावं.

दुसरी पायरी: पाण्याखालची जमीन घरबसल्या बघा

ही युक्ती कुणी फारशी सांगत नाही, आणि पैसेही लागत नाहीत. संगणकावर गूगल अर्थ उघडा आणि जुनी छायाचित्रं बघायची सोय वापरून एखाद्या दुष्काळी वर्षातला एप्रिल-मे शोधा. २०१६ किंवा २०१९ चा उन्हाळा बघा. आज जिथे सपाट निळं पाणी दिसतं, तिथली सगळी हाडं उघडी पडलेली दिसतील: भीमेचं जुनं पात्र, त्याला मिळणारे ओढे, बुडालेल्या गावांचे रस्ते, बांध, विहिरींची वर्तुळं, घरांचे चौथरे.

उजनी म्हणजे बुडालेली नदी आहे, हे त्या चित्रात एकदा दिसलं की बाकीचं आपोआप उलगडतं. जुन्या पात्राची कड जिथे काठाच्या जवळ येते, तिथे दोन-तीन पावलांत उथळ पाणी एकदम खोल होतं. मोठा मासा त्या कडेने ये-जा करतो. ओढा जिथे पात्राला मिळतो तो कोपरा, बुडालेल्या रस्त्याचा भराव, दगडी बांध, या तीन गोष्टी सापडल्या की मोबाइलवर खूण करून ठेवा. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्याखाली आहे, पाणी फार उतरलं की ते उघडं पडतं आणि लोक बघायला गर्दी करतात. अशी चौथऱ्यांची, पडक्या भिंतींची जागा माशांनाही आवडते. फक्त देवळाच्या दगडांत गळ अडकवत बसू नका, लोकांच्या श्रद्धेची जागा आहे.

आता काठ. ढोबळमानाने असं धरा:

पाणी भरपूर असेल, म्हणजे साठ टक्क्यांच्या वर, तर वरचा फुगवटा चालतो. खानोटा, डिकसळ, भिगवण, कुंभारगाव हा पट्टा उथळ आहे, गवताचा आणि पाणकणसाचा आहे. चिलापी आणि मरळ यांचं हे घर.

पाणी शून्याच्या आसपास आलं की हा पट्टा चिखल होतो. तिथे मग रोहित पक्षी उतरतात आणि त्यांना बघायला आलेल्यांच्या होड्या. त्यांच्यात आपण गळ घेऊन घुसू नये. पक्षी उठतात, होडीवाल्यांचं पोट त्यावर असतं, आणि मासाही तिथे ढोपरभर पाण्यात काही थांबलेला नसतो. अशा वेळी खाली सरका: इंदापूरच्या बाजूने पळसदेव, कळाशी, करमाळ्याच्या बाजूने केत्तूर, कुगाव.

उण्यात गेलं की आणखी खाली, करमाळा तालुक्यातल्या वांगीच्या अंगाला, जिथे पात्र खोल आहे आणि काठ खडकाळ. भिंतीजवळ मात्र जायचं नाही. धरणाच्या भिंतीचा, दरवाजांचा परिसर बंदी असलेला आहे आणि तिथे उभं राहून हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी: कुठला मासा, हे आदल्या रात्रीच ठरवा

"जे लागेल ते" म्हणून निघालेल्याला काहीच लागत नाही. गळाचा आकार, आमिष, वेळ, काठ सगळं माशागणिक बदलतं.

चिलापी. नवख्याने इथूनच सुरुवात करावी, आणि यात कमीपणा काही नाही. तिलापियाला इथे सगळे चिलापी म्हणतात. ही मूळची आफ्रिकेतली. भारतात मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये आणली गेली, पुढे नाइल तिलापियाही पसरली, आणि आज उजनीच्या बाजारात सगळ्यात जास्त दिसतो तो हाच मासा. भिगवणच्या हॉटेलांतली तळलेली चिलापी खायला लोक हायवेवरून वाट वाकडी करतात.

उथळ, उन्हाने तापलेल्या, वाऱ्याच्या आडोशाच्या पाण्यात ती असते. पाणी नितळ असेल तर तळाच्या मातीत परातीएवढे गोल खड्डे दिसतात. नर ते खणतो आणि राखतो. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लंही काही दिवस तोंडातच सांभाळते. असे खड्डे जिथे रांगेने दिसतील तिथे चिलापी आहेच. पण खड्ड्यावर बसलेल्याच्या थोबाडावर गळ सोडण्यापेक्षा त्याच्या बाहेरच्या बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात टाका. मोठ्या चिलाप्या तिथे असतात.

साधी आठ-दहा फुटी बांबूची काठी किंवा घडीचा रॉड, पाव मिलिमीटर जाडीचा तंगूस (नायलॉनचा दोर), ८ किंवा १० नंबरचा गळ (नंबर मोठा तसा गळ लहान), बोराएवढं बूच आणि बूच जेमतेम उभं राहील इतकंच शिसं. आमिष म्हणजे गांडुळाचा तुकडा, अख्खं गांडूळ नाही. अख्खं लावलं की लोंबणारं टोक कुरतडून नेतात आणि तुम्ही बूच बघत राहता. गांडूळ नसेल तर कणीक घट्ट मळून हरभऱ्याएवढी गोळी. चिलापी बूच एकदम बुडवत नाही. आधी दोन-तीन वेळा थरथरवते, मग तिरकं करून बाजूला ओढून नेते. ते सरकायला लागलं की मनगटाने हलका झटका. खांद्याने मारलेला झटका ओठ फाडतो.

काठावर शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप पाण्यात गेलेले असतात. त्यांच्यावर शेवाळ धरतं आणि चिलापी ते खरवडत असते. पाइपाच्या दोन्ही अंगांना गळ सोडून बघा. याच मोटारींच्या वायरींबद्दल पुढे सांगायचं आहे, ते वाचल्याशिवाय जाऊ नका.

कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प). हे धरणात सोडलेलं बीज. मत्स्यबीज सोडलं जातं, वाढतं आणि त्यातले काही जाळ्यांतून सुटून राक्षसी होतात. कटला मीटरभर लांब, वीस-तीस किलोंपर्यंत जाऊ शकतो. नवख्याने याच्या फोटोंवर जाऊ नये, पण तयारी ठेवावी.

या चौघांची तोंडं बघितली की कुठल्या थरात गळ ठेवायचा ते कळतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यातलं सूक्ष्म खाद्य गाळून खातो. रोहू मधल्या थरातला. मृगळ आणि सायप्रिनस तळाचे. म्हणून कटल्याला बुचाखाली तीन-चार फुटांवर आणि मृगळाला थेट तळावर, शिसं टाकून.

इथे जागा तयार करावी लागते. शेंगदाण्याची पेंड भाजून कुटायची, त्यात भाताचा कोंडा, थोडी कणीक, गूळ. पाणी इतकंच घालायचं की गोळा मुठीत वळेल आणि पाण्यात पडल्यावर दहा मिनिटांत विरघळेल. दगडासारखा गोळा तळाशी तसाच पडून राहतो, आणि फार सैल असला तर वरच फुटून लहान मासे गोळा करतो. घरी बादलीत टाकून एकदा बघा, वेळ लावून. काठावर पोचल्याबरोबर अशा पाच-सहा गोळ्या एकाच जागी टाका, मग चहा प्या, सामान लावा. अर्ध्या-पाऊण तासाने त्या जागेवर बारीक बुडबुड्यांचा पट्टा उठायला लागला की तळाला मासा चरतोय. सायप्रिनसला उकडलेला मका फार आवडतो. दोन दाणे गळात, मूठभर आजूबाजूला.

रॉड दहा-बारा फुटी, मध्यम ताकदीचा. ४००० किंवा ५००० नंबरचं रील, ०.३५ मिलिमीटरचा तंगूस, ४ किंवा ६ नंबरचा गळ. आणि ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, सैल ठेवा. सैल म्हणजे किती? तंगूस हाताला गुंडाळून ओढल्यावर रील कुरकुरत दोर सोडेल इतका. पहिल्या धावेत रोहू वीस-तीस मीटर दोर नेतो. त्याला नेऊ द्यायचं. त्या क्षणी रील घट्ट धरणाऱ्यांचे गळ सरळ झालेले, दोर तुटलेले काठावर रोज बघायला मिळतात.

वेळ: पहाटे उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत, आणि संध्याकाळी पाचनंतर. थंडीत मात्र उशिरा, दहा-अकराला पाणी जरा कोमट झाल्यावर.

मरळ. ज्याला गळाचं वेड लागायचं असेल त्याला ते मरळीमुळेच लागतं. ही शिकारी. गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यातही जगते, कारण ती थेट हवा घेऊ शकते. दर काही मिनिटांनी वर येऊन घोट घेते आणि नितळ सकाळी तो 'डुब्' असा आवाज काठावर स्पष्ट ऐकू येतो. त्या आवाजाची दिशा धरायची. एकदा वर आलेली मरळ लांब जात नाही.

जागा म्हणजे पाणकणसाची बेटं, बुडालेल्या वेड्या बाभळी, जलपर्णीच्या कडा, आणि त्यांच्यामधली ताटाएवढी मोकळी पाण्याची खिडकी. रबरी बेडूक घ्या, ज्याचे दोन गळ पाठीला चिकटून असतात आणि गवतात अडकत नाहीत. जिवंत बेडूक लावायची जुनी रीत आहे, ती सोडा. रानातले काही बेडूक वन्यजीव कायद्याखाली येतात आणि रबरी बेडूक तसाही जास्त दिवस टिकतो.

फेक खिडकीच्या पलीकडे, गवतावर. तिथून बेडूक टुणटुण करत पाण्यात उतरवायचा, दोन झटके, मग थांबायचं. थांबल्यावरच बहुतेक वेळा पाणी फुटतं. आणि इथे नवख्याचा हात आपोआप उडतो. तिने तोंड मारल्याबरोबर ओढलं तर बेडूक मोकळा परत येतो. मनात 'एक, दोन' म्हणा, दोराला वजन जाणवू द्या आणि मग जोरात. इथे मनगट नाही, पूर्ण हात. दोर विणलेला, तीस-चाळीस पौंडी, रॉड साडेसहा-सात फुटी आणि ताठ. गवतात शिरली की संपलं, म्हणून तिला डोकं फिरवायला वेळच द्यायचा नाही.

एक नियम मात्र पाळाच. पावसाळ्यात आणि त्याच्या मागेपुढे पाण्यावर नारिंगी-लालसर बारीक पिल्लांचा गोळा एकत्र वर-खाली होताना दिसेल. त्याच्या खाली आई-बाप पहारा देत असतात आणि त्या वेळी ते कशावरही तुटून पडतात. अगदी सोपी शिकार. त्यांना धरलं तर तासाभरात बाकीचे मासे पिल्लं साफ करतात. तो गोळा दिसला की दुसरीकडे जायचं.

शिवडा, शिंगाळा, घोगऱ्या, वाम. हे मिशावाले आणि रात्रीचे गडी, म्हणून एकत्रच उरकतो. (वामेला मिशा नाहीत, पण वेळ तीच.) शिवडा म्हणजे रुंद जबड्याचा, चपट्या लांब अंगाचा शिकारी; पूर्वी माणसाएवढे निघायचे असं जुने लोक सांगतात. आता तो जगभरच्या यादीत धोक्यातल्या माशांमध्ये आहे. लागला तर फोटो काढून सोडावा असं माझं मत. जुन्या पात्राच्या कडेला, संध्याकाळनंतर, छोट्या मेलेल्या माशाच्या आमिषावर येतो. पुढचा फूटभर दोर जाड घ्या, त्याचे दात करवतीसारखे बारीक असतात. शिंगाळा आणि घोगऱ्या तळावर गांडुळाला येतात. वर काढल्यावर घोगऱ्या खरोखरच घोगरा आवाज काढतो. दोघांच्याही पाठीच्या आणि कानामागच्या परांना ताठ, दातेरी काटे असतात. टोचले तर हात रात्रभर ठणकतो. वाम दगडांच्या फटीत, खडकाळ काठाला. तिच्या पाठीवर ओळीने बारीक काटे असतात, तेव्हा ओल्या फडक्याशिवाय धरू नका.

महाशीर? कुणी ना कुणी विचारतंच. दख्खनच्या महाशीराचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सने १८३९ मध्ये केलं, तेही पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. तीच मुळा-मुठा पुढे भीमेला मिळून उजनीत येते. आज त्या नदीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी आहे आणि महाशीराला वाहतं, स्वच्छ, खडकाळ पाणी लागतं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीराची पैदास होते आणि पिल्लं ठिकठिकाणी सोडली जातात. पण महाशीर डोक्यात ठेवून उजनीवर येऊ नका. चुकून लागलाच तर पाण्यातच गळ काढून सोडा.

आणि एक नको असलेला पाहुणा: सकर मासा. काळपट, खरखरीत चिलखताचा, तोंड खालच्या अंगाला. कुणीतरी घरच्या काचेच्या टाकीतून सोडलेल्या माशांची ही वंशावळ. कोळ्यांची जाळी फाडतो, बाजारात किंमत नाही. हा लागला तर परत पाण्यात टाकायचा नाही आणि काठावर सडत टाकून वासही मारायचा नाही. खड्डा करून पुरा.

चौथी पायरी: काठावरच्या माणसाशी बोला

गाडी लावली की आधी सामान काढू नका. जो कुणी होडी लावत असेल, जाळं झटकत असेल किंवा मोटर चालू करायला आला असेल त्याला "राम राम मामा" म्हणा. दोन मिनिटं थांबा. "पाणी किती उतरलं आठवड्यात? जाळी कुठं लावलीत, म्हंजे आम्ही तिकडं येत नाही," एवढं विचारलं की माणूस मोकळा होतो. "पावनं, हितं समदा गाळ हाय. त्या निंबापल्याड जावा, तिथं खडक लागतोय," हे एक वाक्य तुमच्या चार तासांच्या मेहनतीएवढं असतं.

परवानगीचंही याच वेळी विचारा. जलाशयात मासेमारीचे हक्क आणि परवाने असतात. छंदाने गळ टाकणाऱ्याला बहुतेक ठिकाणी कुणी अडवत नाही, पण मत्स्यव्यवसाय विभागाच्या स्थानिक कार्यालयात किंवा मच्छीमार संस्थेत विचारून घेतलेलं बरं. थर्माकोलचे किंवा प्लास्टिक बाटल्यांचे बोये दिसले की त्या ओळीत जाळं आहे. तिथून पन्नास पावलं लांब. तुमचा गळ जाळ्यात अडकलाच तर जाळं कापायचं नाही, आपला दोर कापायचा. कुणी स्फोटकं किंवा विष वापरून मासे मारताना दिसलं तर त्यापासून लांब राहा आणि कळवा, कायद्याने तो गुन्हा आहे.

काठ शेतकऱ्याचा असतो. केळीच्या, उसाच्या बांधावरून विचारूनच जायचं.

पाचवी पायरी: जिवंत परत येण्याचं बघा

वायरींपासून सुरू करतो. उजनीच्या काठावर हजारो उपसा मोटारी आहेत. पाणी उतरेल तशा त्या पुढे सरकवतात, आणि वायरी जमिनीवरून, झुडपांवरून, कधी पाण्यातून नेलेल्या असतात. जोड उघडे असतात. कार्बनचा रॉड विजेचा उत्तम वाहक आहे. वायरीपासून आणि डोक्यावरच्या तारांपासून दोन रॉड लांब राहा, ओल्या पायांनी मोटारीच्या पेटीजवळ जाऊ नका, आणि फेकताना मागे-वर एकदा मान वळवून बघा. ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवून गाडीत.

दुसरा धोका गाळाचा. वरून वाळून भेगा पडलेली जमीन खाली लोण्यासारखी मऊ असते, माणूस मांडीपर्यंत रुततो. त्यात बुडालेल्या गावांच्या विहिरी. म्हणून पाण्यात उतरून फेकायचं नाहीच; उतरावंच लागलं तर काठीने चाचपत, आणि दुसरा माणूस काठावर.

होडी शक्यतो टाळा. दुपारनंतर, विशेषतः मे महिन्यात, इथला वारा काही मिनिटांत लाटा उठवतो. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. लाइफ जॅकेट नसेल तर होडीवाला कितीही ओळखीचा असो, बसायचं नाही.

डिकसळच्या जुन्या पुलावर उभं राहून गळ सोडायची खोडही नको. खांबांजवळ मासा असतो हे खरं, पण तो काठावरूनही धरता येतो.

सहावी पायरी: लागलेला मासा

गळाचे उलटे काटे पकडीने चेपून ठेवा, सोडायचा मासा लवकर सुटतो आणि स्वतःच्या बोटात घुसला तर डॉक्टरकडे जावं लागत नाही. मासा धरण्याआधी हात ओले. तापलेल्या खडकावर माशाला लोळवून फोटो काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मोठा, अंड्यांनी पोट फुगलेला रोहू किंवा कटला पावसाच्या सुरुवातीला लागला तर सोडा, त्याच लोंढ्यात ते अंडी घालायला निघालेले असतात.

ठेवायचा तर दोन-चार मध्यम चिलाप्या ठेवा. जागेवरच मारून, पोट साफ करून, बर्फात. पिशवीत तडफडत ठेवलेल्या माशाला दुपारी चिखलाचा वास येतो, मग सगळे पाण्याला नावं ठेवतात. अर्थात पाण्यालाही नावं ठेवायला जागा आहे. उन्हाळ्यात हिरवट साय धरलेल्या, फेसाळ, वास येणाऱ्या पाण्यातला मासा मी घरी नेत नाही. वाऱ्याने हलणाऱ्या खोल पाण्यातला नेतो. घरी आल्यावर पोटाच्या आतली काळी पातळ कातडी खरवडून काढा, हळद-मीठ-लिंबू लावून अर्धा तास ठेवा, मग ज्वारीचं किंवा तांदळाचं पीठ लावून तळा.

तुटलेला तंगूस खिशात घालून परत आणा. काठावर सोडला तर आधी पक्ष्यांच्या पायांत गुंततो, नंतर त्या मामाच्या मोटारीच्या पंख्यात, आणि पुढच्या वेळी "तिकडं खडक लागतोय" असं तो सांगणार नाही.